प्रोग्रामरांचा युजर ग्रुप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटात नव्याने येणारे काही प्रश्न हमखास विचारतात, आणि त्यातले बरेचसे जुन्या सदस्यांनाही मधूनच पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

युजर ग्रुप म्हणजे नक्की काय? क्लास असतो का?

क्लास नसतो. शिक्षक नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षाही नाही. एकच प्रोग्रामिंगची भाषा, एकच डेटाबेस किंवा साधारण सारखंच काम असलेली माणसं ठरलेल्या दिवशी भेटतात, अडलेलं दाखवतात आणि सुटलेलं सांगतात.

ही पद्धत आपल्या धंद्याइतकीच जुनी आहे. १९५५ साली आयबीएम ७०४ हा संगणक घेणाऱ्या कंपन्यांच्या लोकांनी 'शेअर' नावाचा गट सुरू केला. यंत्राबरोबर तयार सॉफ्टवेअर फारसं मिळत नसे, त्यामुळे जो तो तीच गणिती रुटीन (छोटे तयार प्रोग्राम) नव्याने लिहीत बसायचा. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्रामरही तिथे आपला कोड एकमेकांना देऊ लागले. १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या यंत्रांसाठी 'डेकस' हा असाच गट आला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, आणि पुढे ॲपल स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझनिअकने ॲपल-१ या संगणकाचे आराखडे त्याच क्लबातल्या लोकांना फुकट वाटले.

मी अगदी नवीन आहे. मला काहीच सांगता येणार नाही, तरी यावं का?

जरूर या. नवीन माणूस इन्स्टॉल करताना जिथे अडखळतो ती पायरी जुन्यांना दिसेनाशी झालेली असते. तुम्ही कुठे अडलात एवढं नीट सांगितलंत तरी त्यातून पुढच्या माणसासाठी नोंद तयार होते.

मराठीत विचारलं तर चालेल का?

चालेल, आणि बरेचदा तेच बरं पडतं. जी अडचण स्वतःच्या भाषेत सरळ सांगता येत नाही ती आपल्यालाच अजून पुरती कळलेली नसते. एकच काळजी घ्या: एरर मेसेज भाषांतर करून किंवा आठवून सांगू नका. स्क्रीनवर जसा आहे तसाच, शेवटच्या ओळीपर्यंत कॉपी करून आणा. 'काहीतरी कनेक्शनचं म्हणत होतं' यावरून कुणालाच काही कळत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' यांची कारणं वेगळी असतात. पहिल्यात समोरचं यंत्र बहुधा उत्तर देतंय, पण त्या पोर्टवर (कनेक्शन आत घेण्याच्या दारावर) कुणी ऐकत नाही. दुसऱ्यात उत्तरच येत नाही, म्हणजे फायरवॉलपासून चुकीच्या पत्त्यापर्यंत काहीही असू शकतं.

प्रश्न आणताना सोबत काय काय आणू?

तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. बहुतेक जण पहिली आणि तिसरी सांगतात, मधली गाळतात. मग 'चुकीचं उत्तर येतंय' म्हटल्यावर बरोबर उत्तर कोणतं हे शोधण्यातच अर्धा वेळ जातो. शिवाय भाषेची, लायब्ररीची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) आणि ऑपरेटिंग सिस्टिमची व्हर्जन. 'लेटेस्ट आहे' असं सांगू नका, आकडा सांगा.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे छोटा नमुना. अख्खा प्रोजेक्ट उघडून 'इथे कुठेतरी आहे' म्हणण्यापेक्षा, तीच चूक दाखवणारा दहा-वीस ओळींचा स्वतंत्र प्रोग्राम आणा. एक फंक्शन काढा, चालवून बघा. चूक तशीच आहे? मग आणखी एक काढा. चूक गेली? मग शेवटी काढलेल्या तुकड्याकडे नीट बघा.

असा नमुना काय करतो याचं एक उदाहरण. एका सदस्याच्या प्रोग्राममध्ये ग्राहकांचे काही अभिप्राय डेटाबेसमध्ये जात नव्हते. बरेचसे जायचे, काही 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' म्हणून परत यायचे. मजकूर देवनागरी होता, त्यामुळे सगळ्यांचा संशय देवनागरीवर. दोन-तीन जणांनी लगेच फॉन्टपासून ड्रायव्हरपर्यंत उपाय सुचवले. मग कुणीतरी म्हणालं, न गेलेला एकच अभिप्राय घ्या आणि शेवटाकडून एकेक अक्षर कमी करत टाकून बघा. शेवटचं एकच अक्षर काढताच तो आत गेला. काढलेलं ते अक्षर म्हणजे हसरा इमोजी.

कारण असं की मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाने अक्षरं साठवायचा जो प्रकार अनेक वर्षं वापरात होता तो एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटमध्ये बसतं, त्यामुळे मराठी मजकूर विनातक्रार जातो. इमोजीला ४ बाइट लागतात. त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' हा प्रकार आहे. तो २०१० पासून उपलब्ध आहे, आणि व्हर्जन ८ पासून तोच डिफॉल्ट झाला. सदस्याने टेबल आणि कनेक्शन दोन्ही त्यावर नेलं आणि अडचण संपली. देवनागरी निर्दोष होती, पण अक्षरं काढून बघेपर्यंत कुणाला ते पटलं नसतं.

छोटा नमुना करताच येत नाही, कारण चूक कधी शिरली तेच माहीत नाही. मग?

मग गिटला, म्हणजे कोडमधले बदल टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवणाऱ्या टूलला, शोधायला लावा. 'गिट बायसेक्ट'ला एक जुना कमिट (नोंदवलेला टप्पा) सांगायचा जिथे सगळं ठीक होतं, आणि एक आत्ताचा जिथे बिघडलंय. तो मधला कमिट काढून देतो, तुम्ही तपासून 'चांगला' किंवा 'वाईट' सांगता, आणि दर खेपेला शोधायची जागा निम्मी होते. हजार कमिट असले तरी साधारण दहा तपासण्यांत चूक आणणारा कमिट सापडतो. तपासणी करणारी छोटी स्क्रिप्ट असेल तर 'बायसेक्ट रन' हे सगळं आपणहून करतो. गिट रोज वापरणाऱ्यांपैकीही अनेकांनी ही कमांड कधी चालवलेली नसते याचं मला वाईट वाटतं. गटात एकदा करून दाखवली की लोक दुसऱ्याच दिवशी वापरायला लागतात.

माझ्या मशीनवर चालतं, दुसरीकडे चालत नाही. हे विचारण्यासारखं आहे का?

अर्थातच, आणि असले प्रश्न गटात बसूनच लवकर सुटतात, कारण तिथे वेगवेगळी यंत्रं शेजारी-शेजारी असतात. नेहमीचे संशयित आधी तपासून या. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्सला एकच हवं असतं. त्यामुळे दिसायला निर्दोष असलेली शेल स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) पहिल्याच ओळीवर अडते. लिनक्सवर फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं, विंडोजवर आणि मॅकवर सहसा नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला यंत्राकडून मिळणारं सेटिंग) एकीकडेच सेट केलेलं असतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असतं. लॉकफाइल (लायब्ररींच्या नेमक्या व्हर्जनची यादी) कमिट केलेली नसते, म्हणून दोन्हीकडे लायब्ररीच्या वेगळ्या व्हर्जन येतात.

कामाच्या ठिकाणचा कोड गटात दाखवू शकतो का?

परवानगी नसेल तर नाही. पण छोटा नमुना इथेही कामी येतो: खऱ्या नावांच्या जागी खोटी नावं, खऱ्या डेटाच्या जागी रचलेल्या चार नोंदी. तेवढ्याने चूक दाखवता आली तर मालकाचा कोड उघडायची गरजच उरत नाही.

पासवर्ड किंवा एपीआय की (प्रोग्रामला एखादी सेवा वापरू देणारी गुप्त किल्ली) चुकून बाहेर गेली असेल तर आधी ती की रद्द करा आणि नवी घ्या. नुसती ओळ खोडून नवा कमिट केला तरी जुनी की गिटच्या इतिहासात तशीच राहते. इतिहास पुसणं नंतर करता येईल, आणि की बदलली असेल तर त्याची घाईही राहत नाही.

मी साधा प्रश्न विचारतो आणि समोरचा उलट विचारतो, 'पण हे करायचंय कशाला?' असं का?

हा प्रश्न अपमान करण्यासाठी नसतो. समजा तुम्ही विचारलंत, 'ओळ स्वल्पविरामावर तोडायची आहे, पण अवतरणचिन्हांमधला स्वल्पविराम सोडून. रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) कसं लिहू?' रेगेक्स लिहिता येईल. ते काही दिवस चालेल, मग अवतरणचिन्हाच्या आतच नवी ओळ आलेली एखादी नोंद येईल आणि सगळं कोसळेल. 'कशाला?' विचारल्यावर कळतं की तुम्ही सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) वाचताय, आणि तुमच्या भाषेत त्यासाठी तयार मॉड्यूल आहे. तुम्ही उपायाबद्दल विचारत होता, मूळ काम मागेच राहिलं होतं.

'कशाला?' विचारणाऱ्यानेही मात्र सूर सांभाळावा. 'असं कोण करतं?' हे त्याच प्रश्नाचं वाईट रूप आहे, आणि ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. कधीकधी समोरच्याकडे खरंच कारण असतं: जुनं सर्व्हर, हात लावता न येणारा कोड, उद्याची मुदत. कारण ऐकून घेतल्यावर मूळ प्रश्नाचं उत्तर द्यावं.

उत्तर देणाऱ्याने काय पाळावं?

आमच्याकडे एक सवय मुद्दाम लावलेली आहे: कुणीही काहीही सांगितलं की दुसऱ्याने विचारायचं, 'हे कशावरून?' स्वतः करून पाहिलंय, डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलंय, की अंदाज आहे? तिन्ही उत्तरं चालतात, फक्त कोणतं ते सांगायचं. अंदाजाला अंदाज म्हटलं की ऐकणारा तपासून घेतो. अनुभवी माणसाचा अंदाज ठाम आवाजात आला की कुणी तपासत नाही, आणि सगळ्यांची संध्याकाळ चुकीच्या दिशेला जाते.

कीबोर्ड विचारणाऱ्याच्या हातातच राहू द्या. त्याच्या हातून घेऊन दोन मिनिटांत दुरुस्त करून दिलंत तर त्याला फक्त चालू झालेला प्रोग्राम मिळतो. तोंडाने सांगा, तो टाइप करेल, मध्ये थांबून विचारेल, आणि त्या विचारण्यातून बाकीच्यांनाही काहीतरी मिळतं. वेळ दुप्पट लागतो. लागू द्या.

काहीतरी पुसणारी किंवा ओव्हरराइट करणारी कमांड सुचवत असाल तर आधी ती काय करते हे सांगा. 'गिट रीसेट हार्ड' मारल्यावर कमिट न केलेले बदल जातात, आणि ते परत आणायची सरळ सोय गिटकडे नाही. कमिट केलेलं मात्र सहसा सापडतं: 'गिट रीफ्लॉग'मध्ये तुमचं हेड (तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात ती खूण) कुठून कुठे गेलं याची यादी असते, आणि कुठल्याही ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) न उरलेल्या कमिटची नोंदसुद्धा डिफॉल्टने ३० दिवस टिकते. चुकीच्या रिबेसनंतर (कमिटची मांडणी बदलल्यानंतर) घाबरून आलेल्या माणसाला ती यादी उघडून दाखवली आणि त्यात स्वतःच्याच कालच्या कमिटचा मेसेज त्याला दिसला, की त्याचा जीव भांड्यात पडतो. अशा वेळी गट चालवण्याचे सगळे कष्ट वसूल झाल्यासारखे वाटतात.

कोणता एडिटर चांगला?

तुम्हाला नीट येतो तो. जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून आहे, विम १९९१ पासून, व्हीएस कोड २०१५ पासून, आणि तिन्हींत उत्तम काम करणारी माणसं गटात आहेत. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटरने भाषेची माहिती देणाऱ्या प्रोग्रामशी बोलायची सामाईक पद्धत) आल्यापासून ऑटोकम्प्लीट, व्याख्येवर उडी, नाव बदलणं या सोयी जवळजवळ सगळीकडे सारख्या मिळतात. यावर वाद घालण्यापेक्षा दुसऱ्याला काम करताना शेजारी बसून बघा. तो न बोलता, सवयीने जो शॉर्टकट मारतो तोच तुम्हाला उपयोगी पडतो, आणि तो सांगायचं त्याला सुचलंही नसतं.

एखादं नवं टूल गटात सुचवायचंय. कसं सांगू?

'भारी आहे, वापरून बघा' याने कुणाचंच भलं होत नाही. किती काळ वापरलंत, कशासाठी वापरलंत आणि त्याने कुठे त्रास दिला, हे सांगा. ज्याने कुठेच त्रास दिला नाही असं टूल बहुधा पुरेसं वापरलेलं नसतं. काल संध्याकाळी बघितलेलंही जरूर दाखवा, पण काल संध्याकाळी बघितलंय असं सांगून.

मग एक प्रश्न येतो जो उत्साहात राहून जातो: उद्या हे सोडायचं झालं तर? तुमचा डेटा साध्या फाइलमध्ये, एसक्यूएलमध्ये बाहेर काढता येतो की त्याच्याच खास स्वरूपात अडकतो? आत जायला दहा मिनिटं आणि बाहेर पडायला सहा महिने लागणार असतील तर ते आधीच माहीत असावं.

लायब्ररी असेल तर तिच्यामागे कोण आहे हेही बघा. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं जावास्क्रिप्टचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. ११ ओळींचा कोड, पण त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट एकदम बिल्ड होईनात. मार्च २०२४ मधली गोष्ट जास्त गंभीर आहे. 'एक्सझेड' या कॉम्प्रेशन लायब्ररीत एका सहदेखभालकर्त्याने दोनेक वर्षं विश्वास मिळवून छुपा दरवाजा घुसवला होता. तो सापडला कारण आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरायचा मार्ग) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्याने 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं नाही. मूळ लायब्ररी मात्र एकटा, थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. आपण रोज वापरतो त्यातलं किती असंच एका माणसाच्या खांद्यावर आहे, हे टूल निवडताना तपासावं, आणि जमेल तिथे त्या माणसाला हातही द्यावा.

लायसन्स वाचा. एमआयटी आणि अपाची ही लायसन्स बरंच मोकळं ठेवतात. जीपीएल लायसन्सचा कोड घालून प्रोग्राम दुसऱ्यांना दिलात तर तो त्याच अटींवर, सोर्ससकट द्यावा लागतो. तसं करायचं नसेल तर हे शेवटच्या आठवड्यात कळण्यात अर्थ नाही.

आणि आहे त्यात भागतंय का तेही बघा. नवा डेटाबेस सर्व्हर सुचवणाऱ्याला आमच्याकडे बऱ्याचदा विचारलं जातं, एसक्यूलाइटने का नाही भागणार? एक फाइल, सर्व्हर नाही, आणि ते करणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा जाहीर केलाय. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून सतत लिहायचं असेल तर ते पुरणार नाही. पण बऱ्याच छोट्या कामांत तशी गरज नसते.

एआयला विचारलं की उत्तर मिळतं. मग गटात कशाला यायचं?

एआयला जरूर विचारा. आम्हीही विचारतो. एरर मेसेजचा अर्थ लावायला, अनोळखी भाषेतला छोटा तुकडा समजून घ्यायला त्याचा चांगला उपयोग होतो. पण 'हे कशावरून?' हा नियम त्यालाही लागू आहे. अस्तित्वात नसलेला पॅरामीटर तो खऱ्याच्याच थाटात सांगतो. पॅकेजचं नावही रचून देतो, आणि अशी रचलेली नावं हेरून त्या नावाने घातक पॅकेज टाकता येतं. त्यामुळे नाव रजिस्ट्रीत (जिथून पॅकेज उतरवली जातात त्या साठ्यात) सापडलं एवढ्यावर इन्स्टॉल करू नका. कोणी टाकलंय, कधीपासून आहे, सोर्स कुठे आहे ते बघा.

गटात आणताना एआयचं उत्तर एआयचं म्हणून सांगा आणि चालवून पाहिलंय का तेही सांगा. न चालवलेलं उत्तर दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे तपासायचं काम त्याच्यावर ढकलणं. आणि तुमच्यासारख्याच कामात अडकलेला माणूस 'आम्ही हे तीन महिने वापरलं आणि काढून टाकलं' असं सांगतो, तेव्हा त्यामागे त्याने स्वतः सोसलेला त्रास असतो. तो खोदून विचारता येतो.

दोन-तीन जणच बोलतात, बाकीचे गप्प. काय करावं?

बोलणाऱ्यांनी थांबायला शिकावं. प्रश्न आला की जाणकाराने लगेच उत्तर न देता आधी इतरांना विचारावं, 'तुम्ही कुठून सुरुवात कराल?' काही सेकंद शांतता पसरते, तेवढी सोसायची तयारी हवी. गप्प बसणाऱ्याला भाषण द्यायला सांगू नका. त्याच्या रोजच्या कामातली एखादी छोटी स्क्रिप्ट पाच मिनिटं दाखवायला सांगा.

प्रश्न सुटला. पुढे काय?

त्याच दिवशी लिहून ठेवा. लक्षण, कारण, उपाय, व्हर्जन आणि तारीख. लक्षणाच्या जागी एरर मेसेज जसाच्या तसा, कारण पुढचा माणूस तोच शोधणार आहे. न चाललेले उपायही लिहा, नाहीतर तो तेच पुन्हा करून बघेल.

दोष लायब्ररीतच निघाला तर तिच्या देखभालकर्त्यांना कळवा. गटात केलेला छोटा नमुना इथे तसाच जोडता येतो, आणि असा नमुना जोडलेली तक्रार हाताळायला सोपी असते. कळवण्याआधी जुन्या तक्रारींत तीच आहे का ते बघा. सुरक्षेचा दोष असेल तर तो चारचौघांत मांडू नका, त्यांच्या सुरक्षा धोरणात दिलेल्या पत्त्यावर खाजगीत पाठवा.

नोंदीवर तारीख हवीच. पायथन या भाषेच्या व्हर्जन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली, तरी त्या काळातले उपाय अजून हातोहात फिरत असतात आणि नव्या माणसाला का चालत नाही ते कळत नाही. जुनी नोंद चुकीची ठरली तर ती पुसू नका. खाली नवी व्हर्जन, नवी तारीख आणि काय बदललं ते लिहा, कारण कुणीतरी अजून त्याच जुन्या व्हर्जनवर अडकलेला असतो.